कच्छ, गच्छ आणि रूळ्ह : पाली अभ्यासकांसाठी एक पाठ

पाली भाषेशी आपला पहिला परिचय होतो तो त्रिसरणातील ‘गच्छामि’ या शब्दाने. ‘मी जातो’ हा त्याचा अर्थ लहान मुलेही सांगतात. परंतु त्याच अक्षरांचा ‘गच्छ’ नावाचा एक निराळाच शब्द पालीमध्ये आहे. त्याचा अर्थ झुडूप असा होतो आणि त्याचा ‘जाण्या’शी काहीही संबंध नाही. त्याच्यापेक्षा फक्त एका अक्षराने वेगळा असा दुसरा शब्द आहे ‘कच्छ’. त्याचा अर्थ पाणथळ जमीन. या दोहोंच्या आसपास वारंवार दिसणारा तिसरा शब्द ‘रूळ्ह’, म्हणजे उगवलेला, वाढलेला.

तीन लहानसे शब्द, त्यावर संपूर्ण लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आमच्या अभ्यासवर्गात सुत्तांचे वाचन सुरू झाल्यावर असे दिसून आले की, याच शब्दांपाशी विद्यार्थी हमखास अडतात. कोशात पाहतात, पहिला अर्थ उचलतात आणि पुढे जातात. मग राजाच्या हेरांच्या अंगावर दलदल उगवते आणि धनिय गोपाच्या गायी चिखलात रुततात! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. ही आनंदाचीच बाब होय. परंतु दर्जा सरकार देते, अर्थ मात्र आपला आपणच लावावा लागतो.

प्रथम ‘रूळ्ह’ पाहू, कारण तो सोपा आहे. संस्कृतमध्ये ‘रुह्’ हा धातू आहे, अर्थ उगवणे, वाढणे, वर चढणे. त्याचे भूतकाळवाचक रूप ‘रूढ’. दोन स्वरांमध्ये आलेल्या संस्कृत ‘ढ’चा पालीत ‘ळ्ह’ होतो. मूढचा मूळ्ह, गाढचा गाळ्ह, तसाच रूढचा रूळ्ह. उपसर्ग लागून परूळ्ह, विरूळ्ह, आरूळ्ह अशी रूपे होतात. मराठीत हे घराणे मोठे आहे. समाजात मुरलेली ती रूढी, घोड्यावर बसलेला तो आरूढ, शेतात लावायचे ते रोप, आणि कोणावर ‘लावला’ जातो तो आरोपही मूळचा याच धातूचा. ‘रुजणे’ हे क्रियापदही याच कुळातले मानतात. पालीत हा धातू केवळ गवताझाडांपुरता नाही. बी उगवते, केस वाढतात, जखम भरून येते, या सर्वांना तो चालतो.

संयुत्त निकायाच्या खन्ध संयुत्तात ‘बीज सुत्त’ आहे. त्यात भगवंतांनी पाच प्रकारचे बी सांगितले आहे. मुळापासून उगवणारे, खोडापासून उगवणारे, पेरापासून उगवणारे, शेंड्यापासून उगवणारे आणि दाण्यापासून उगवणारे. आले-हळद पहिल्या प्रकारात मोडतात, ऊस आणि वेळू पेरापासून येतात, तर धान्य हे शेवटच्या प्रकारात. आपल्या शेतकऱ्याला यात नवे असे काहीच नाही. भगवान विचारतात, बी न कुजलेले, वाऱ्या-उन्हाने न बिघडलेले, नीट पेरलेले आहे. परंतु जमीन नाही आणि पाणी नाही, तर ते वाढेल काय? या वाढण्यासाठी तेथे ‘वुद्धि, विरूळ्हि, वेपुल्ल’ असे तीन शब्द एकापाठोपाठ येतात. बी म्हणजे आहारासहित विञ्ञाण, जमीन म्हणजे त्याची चार वस्तिस्थाने आणि पाणी म्हणजे नन्दिराग, असा उलगडा तेथे केलेला आहे. पैकी ‘विरूळ्हि’ हा आपला शब्द. तो घटना सांगतो, काय झाले ते सांगतो. कोठे झाले हे सांगण्याचे काम दुसऱ्या शब्दाचे.

आता ‘कच्छ’. येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे.

सुत्तनिपातातील पहिल्या वग्गातील दुसरे सुत्त म्हणजे ‘धनिय सुत्त’. धर्मानंद कोसंबी यांनी सुत्तनिपाताचे मराठी भाषांतर केले, त्यामुळे हे सुत्त आपल्याकडे पुष्कळांच्या परिचयाचे आहे. धनिय हा मही नदीच्या काठी राहणारा संपन्न गोपालक. ही मही गुजरातेतील नव्हे. पाली वाङ्मयात गंगा, यमुना, अचिरवती, सरभू आणि मही या पाच महानद्या सांगितल्या जातात, त्यातील ही एक होय. अट्ठकथा धनियाला विदेह देशात ठेवते. त्याचा भात शिजला आहे, दूध काढून झाले आहे, झोपडी शाकारलेली आहे, अग्नी पेटलेला आहे. आता हवे तर खुशाल पाऊस पडू दे, असे तो आभाळाला म्हणतो. भगवान त्याच्या एकेका वाक्याला त्याच्याच शब्दांच्या ध्वनीने उत्तर देतात. तो ‘पक्कोदनो’ म्हणतो (भात शिजलेला), तर भगवान ‘अक्कोधनो’ म्हणतात (क्रोध नसलेला). त्याची कुटी झाकलेली आहे, भगवंतांची उघडी. त्याचा अग्नी पेटलेला आहे, भगवंतांचा विझलेला.

पुढे विसाव्या गाथेत धनिय आपल्या गायींविषयी बोलतो. येथे गोमाशा नाहीत, डास नाहीत, आणि ‘रूळ्हतिण’ अशा ‘कच्छा’त गायी चरत आहेत, पाऊस आला तरी त्या सहन करतील. रूळ्हतिण म्हणजे गवत वाढलेले. कच्छ ही जागा, रूळ्ह ही तेथे झालेली वाढ आणि तिण ही वाढलेली वस्तू. कोठे, काय झाले, कशाचे, असे तिन्ही प्रश्न तीन शब्दांनी सुटतात.

या ‘कच्छा’चे मराठी काय करावे? ‘दलदल’ म्हटले तर गोपालक आपल्या गायी दलदलीत का सोडील, हा प्रश्न उभा राहतो. नुसते ‘कुरण’ म्हटले तर पाणी निघून जाते. अट्ठकथाकारांनाही हा प्रश्न पडला असावा. ते म्हणतात, कच्छ दोन प्रकारचे, नदीकच्छ आणि पब्बतकच्छ. येथे नदीकच्छ घ्यावा. नदीलगतची सखल, ओलसर, उन्हाळ्यातही हिरवी राहणारी जमीन ती ही. ज्यांचे बालपण गावात गेले त्यांनी असे पट्टे नदीकाठी पाहिलेले असतात. गुरे तेथे आपण होऊन ओढली जातात.

अट्ठकथा हाती नसली तरी अर्थ काढण्याचा आणखी एक मार्ग आहे. शब्दाचे सोबती पाहावेत. धनियाने कच्छाचे नाव घेण्याआधी गोमाशा आणि डास नाहीत असे सांगितले. कोरड्या माळावर गाय चरत असती तर डास नसल्याचे कौतुक कशाला? संयुत्त निकायात चन्दिमस नावाच्या देवपुत्राची दोन गाथांची छोटी हकिगत आहे. ध्यान साधलेले, एकाग्र आणि स्मृतिमान लोक क्षेमाला पोहोचतात, जशी डास नसलेल्या कच्छातील हरिणे, असे तो म्हणतो. भगवान उत्तर देतात ते जाळे तोडून निघालेल्या माशाच्या उपमेने. या दोन्ही ठिकाणी कच्छ आला की डास नसल्याचा उल्लेख आलाच. म्हणजे कच्छ ही मुळात डास असण्याची जागा. गवतामुळे चांगली, पाण्यामुळे डासांची, आणि डास नसले तर मग काय विचारता! धनियाची फुशारकी आणि देवपुत्राची उपमा या दोन्ही याच जाणिवेवर उभ्या आहेत. ‘कच्छ’चे भाषांतर ‘झाडी’ किंवा ‘माळ’ असे केले की ही सर्व गंमत नाहीशी होते.

आणखी एक गोष्ट सुटते. अट्ठकथेनुसार गोपालक पावसाळ्याचे चार महिने उंच जागी राहतात आणि उरलेले आठ महिने गवतपाणी मिळेल अशा नदीकाठी वगैरे. म्हणजे कच्छ ही कायमच्या भरवशाची जागा नव्हे. सुत्ताच्या उत्तरार्धात खरोखरच महामेघ बरसतो आणि ‘निन्न’ व ‘थल’ दोन्ही भरून टाकतो. निन्न म्हणजे सखल, थल म्हणजे उंच. जो कच्छाच्या जिवावर पावसाला आव्हान देत होता, त्याच्या डोळ्यांदेखत उंच जागाही पाण्याखाली जाते, आणि त्याच वेळी तो पत्नीसह भगवंतांना शरण जातो. कच्छ ही पाण्याची जागा हे ध्यानात असेल तरच या पावसाचा जोर कळतो.

पालीत ओल्या जमिनीला आणि चिखलाला इतरही शब्द आहेत आणि ते कच्छासारखे नाहीत. ‘पंक’ हा चिखल. धम्मपदाच्या नागवग्गातील हत्ती पंकात रुततो. ‘पलिप’ हाही रुतवणारा चिखल. मज्झिम निकायाच्या सल्लेख सुत्तात भगवान चुन्दाला सांगतात की, जो स्वतः पलिपात बुडालेला आहे तो दुसऱ्या बुडालेल्याला वर काढील हे शक्य नाही. ‘पल्लल’ म्हणजे सखल जागी साचलेले पाणी, डबके, दलदल. संयुत्त निकायातील तिस्स सुत्तात एका वाटेचे वर्णन आहे. त्या वाटेवर आधी दाट वनराई लागते, मग सखल मोठे पल्लल, मग खोल कडा आणि शेवटी रमणीय सपाट भूमी. त्याचा अर्थ स्वतः भगवंतांनीच उलगडला आहे. दाट वनराई म्हणजे अविद्या, पल्लल म्हणजे कामभोग, कडा म्हणजे क्रोध व त्रागा, आणि सपाट भूमी म्हणजे निब्बाण. झाडांची दाटी वेगळी, दलदल वेगळी. दाटीत माणसाला दिसत नाही, दलदलीत माणूस अडकतो. दोन्हींना ‘जंगल-दलदल’ असे एकत्र बांधून टाकणाऱ्याला अविद्या आणि काम यांतील भेद कसा सांगणार?

तेव्हा आमचे मत असे की, पंक आणि पलिप यांना चिखल, पल्लल याला दलदल, आणि कच्छ याला ‘पाणथळ कुरण’ किंवा ‘नदीकाठची ओली जमीन’ म्हणावे. शेतातल्या ‘चिबड’ जमिनीला किंवा कोकण-गोव्याकडच्या ‘खाजणा’ला कच्छ म्हणणे तितकेसे बरोबर होणार नाही. चिबडात पीक नासते, खाजण खाऱ्या पाण्याचे. कच्छात गाय चरते.

आता हेरांकडे वळू. हे सुत्त संयुत्त निकायाच्या कोसल संयुत्तात आहे आणि उदानातही आहे. भगवान सावत्थीला पुब्बारामात, मिगारमातेच्या प्रासादाच्या दाराबाहेर संध्याकाळी बसले आहेत. राजा पसेनदि भेटायला येतो. इतक्यात जवळून सात जटिल, सात निगण्ठ, सात नग्न तपस्वी, सात एकवस्त्रधारी आणि सात परिव्राजक जातात. त्यांचे वर्णन ‘परूळ्हकच्छनखलोम’ अशा लांबलचक समासाने केलेले आहे. राजा उठतो, उपरणे एका खांद्यावर घेतो, उजवा गुडघा टेकतो आणि हात जोडून तीन वेळा त्यांना आपले नाव ऐकवतो. मग भगवंतांना विचारतो, जगात जे अर्हन्त आहेत त्यांच्यापैकी हे असतील काय?

परूळ्ह म्हणजे वाढलेले. नख आणि लोम आपल्याला कळतात. मधला ‘कच्छ’ कोणता? धनिय सुत्त शिकून आलेला विद्यार्थी येथे ‘पाणथळ जमीन’ लिहितो, आणि कोशात तो अर्थ असल्यामुळे त्याला दोषही देता येत नाही. परंतु हा कच्छ वेगळा. संस्कृत ‘कक्ष’ म्हणजे बगल. त्यातील ‘क्ष’चा पालीत ‘च्छ’ झाला आणि कक्षाचा कच्छ झाला. ‘क्ष’चा ‘क्ख’ही होतो, म्हणून संस्कृत ‘अक्षि’ची पालीत अक्खि आणि अच्छि अशी दोन्ही रूपे आढळतात. मराठीने कक्षाच्या बाबतीत ‘ख’ची वाट धरली, म्हणून आपण ‘काख’ म्हणतो. तेव्हा ‘परूळ्हकच्छनखलोम’ म्हणजे काखेतील केस, नखे आणि अंगावरची लव वाढलेले. येथेही सोबती पाहिले असते तर काम झाले असते. नख आणि लोम यांच्या शेजारी नदीकाठ कशाला येईल?

अर्थात नुसत्या रूपावर कधीच विसंबू नये. निमि जातकात (क्रमांक ५४१) उत्तरेकडील सीदा नदीचे वर्णन आहे. तेथेही ‘परूळ्हकच्छ’ हा समास येतो आणि शेजारी ‘तगर’ या सुगंधी झाडाचे नाव येते. नदी आहे, तगर आहे, वन आहे. तेथे कच्छ म्हणजे काठची जमीनच घ्यावी लागते, काख नव्हे. समास एकच, अक्षरे तीच, अर्थ दोन.

हेरांच्या सुत्तात पुढे काय होते तेही सांगितले पाहिजे, नाहीतर वाढलेल्या केसांचे एवढे वर्णन कशासाठी ते कळणार नाही. भगवान राजाला म्हणतात, मुलाबाळांत राहणाऱ्या, काशीचे चंदन लावणाऱ्या गृहस्थाला हे ओळखणे कठीण. शील सहवासाने कळते, शुचिता व्यवहाराने कळते, धैर्य संकटात कळते आणि प्रज्ञा चर्चेने कळते. तेही दीर्घकाळाने, थोड्या काळात नव्हे, आणि लक्ष देणाऱ्यालाच. यावर राजा मोकळेपणाने कबूल करतो की, ही माझीच माणसे, माझे हेर आहेत. प्रदेश पाहून परतले आहेत. आता ते धूळ झटकून नाहतील, दाढी-केस करतील, शुभ्र वस्त्रे नेसतील आणि सुखोपभोगात रमतील. जे ‘परूळ्ह’ होते ते एका हजामतीत उतरणारे होते. वाढ कशाची, हा प्रश्न येथे नुसता व्याकरणाचा राहत नाही. बीज सुत्तातील ‘विरूळ्हि’ आणि हेरांच्या अंगावरचे ‘परूळ्ह’ एकाच धातूचे आहेत, पण हेरांची वाढ केवळ वरची आहे.

जाता जाता याच सुत्तातील ‘चर्चे’साठी मूळ शब्द कोणता ते पाहावे : ‘साकच्छा’. येथेही कच्छ! परंतु हा तिसराच. बोलणे या अर्थाच्या ‘कथ्’ धातूपासून तो आला आहे. ‘थ्य’चा पालीत ‘च्छ’ होतो, म्हणून कथ्य ते कच्छ. मूळच्या निरनिराळ्या जोडाक्षरांना पालीने एकाच ‘च्छ’मध्ये आणून सोडले आहे. ‘मत्स्य’चा ‘मच्छ’ हाही त्यातलाच प्रकार. उच्चार सोपा झाला, अर्थ लावणाऱ्याचे काम वाढले.

राहिला ‘गच्छ’. गच्छ म्हणजे झाडापेक्षा लहान, झुडूप. त्याचे सोबती रुक्ख, लता आणि गुम्ब. बंगालीत आजही झाडाला ‘गाछ’ म्हणतात. एवढे माहीत असेल तर कच्छ आणि गच्छ यांत गोंधळ होण्याचे कारण नाही. पण तिपिटकाच्या छापील प्रतींतच एके ठिकाणी हे दोन शब्द एकमेकांच्या जागी उभे आहेत. ते ठिकाण म्हणजे मज्झिम निकायातील चूळमालुंक्य सुत्त. विषारी बाण लागलेल्या माणसाची प्रसिद्ध उपमा तेथे आहे. बाण काढू पाहणाऱ्या वैद्याला तो म्हणतो, आधी सांगा, मारणारा कोण, कोणत्या कुळाचा, उंच की ठेंगणा. धनुष्य कोणते, दोरी रुईची की स्नायूची. आणि बाणाची काडी ‘कच्छ’ की ‘रोपिम’? पाली टेक्स्ट सोसायटीच्या रोमन प्रतीत ‘कच्छ’ असा पाठ आहे. रंगूनला १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या सहाव्या संगायनाच्या पाठात ‘गच्छ’ आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत छापलेले तिपिटक याच पाठावर आधारलेले आहे, म्हणून आपल्या वाचनालयातील प्रतीत ‘गच्छ’ दिसेल आणि इंग्रजी पुस्तकांच्या टिपांत ‘कच्छ’ दिसेल. घाबरून जाऊ नये.

असे का झाले असावे? ब्रह्मदेशी लिपीत ‘ग’ म्हणजे एक कमान आणि ‘क’ म्हणजे शेजारी शेजारी दोन कमानी. ताडपत्रावर लिहिताना एक कमान गळणे किंवा वाढणे अवघड नाही. मूळ पाठ कोणता हे केवळ यावरून ठरवता येत नाही. आमचा कल ‘कच्छ’कडे आहे, कारण बाणाची काडी बोरूची, आणि बोरू पाणथळ जागीच माजतो. पण निर्णय काहीही झाला तरी वाक्याचा अर्थ ढळत नाही. तो अर्थ सांभाळणारा शब्द शेजारीच उभा आहे : ‘रोपिम’. ‘रुह्’ धातूच्या प्रयोजक रूपापासून आलेला, ‘रोपून वाढवलेला’. तेव्हा प्रश्न असा की, काडी आपोआप उगवलेली की लावणी करून वाढवलेली? रानातली की शेतातली? ओल्या जमिनीतील बोरू घ्या किंवा रानझुडपाची काडी घ्या, दोन्ही ‘न लावलेल्या’च.

बाण लागलेल्या माणसाने जो प्रश्न विचारू नये असे भगवान सांगतात, नेमका तोच प्रश्न आम्ही येथे अर्धे पान चघळला, याचे वाचकाला हसू येईल. परंतु जखमी माणसाचे प्रश्न किती निरर्थक आहेत हे कळण्यासाठी आधी ते प्रश्न कळायला हवेत. ‘काडी झुडूप की रोपिम’ असे भाषांतर समोर ठेवले तर श्रोता उपमेपाशीच अडतो आणि बाण बाजूला राहतो.

कच्छ हा शब्द पुस्तकातच आहे असेही नाही. गुजरातेतील कच्छ आपल्याला नकाशावर दिसतो. नर्मदेच्या मुखाजवळचे भडोच म्हणजे पालीतील ‘भरुकच्छ’. सुप्पारक जातकातील (क्रमांक ४६३) आंधळा तांडेल या बंदराचा. त्याचे सुप्पारक हे नाव आपल्या सोपाऱ्याचेही जुने नाव. तेथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरून काढला. आणि कच्छात वावरणारा म्हणून ‘कच्छप’ अशी जुनी व्युत्पत्ती देतात. मच्छचा जसा मासा, तसा कच्छपचा कासव. आंधळ्या कासवाची आणि समुद्रावर तरंगणाऱ्या जोखडाची उपमा ज्यांनी प्रवचनात ऐकली आहे, त्यांना हा शब्द परका वाटू नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्वतः पालीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार केला होता. तो महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या १६ व्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध झाला आहे. विद्यार्थ्यांनी तो खंड वाचनालयातून घ्यावा आणि पुढील वर्गापूर्वी हे शब्द सोडवून आणावेत : आरुहति, विरूळ्हि, रोपेति, नदीकच्छ, कच्छप, साकच्छा, गच्छति, गच्छ. प्रत्येकापुढे मूळ संस्कृत रूप लिहावे, मराठीतील एक भाऊबंद लिहावा, आणि तो शब्द कोठे, काय किंवा काय झाले यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो ते लिहावे. शेवटच्या दोन शब्दांत फरक कसा ओळखाल, हे एका वाक्यात सांगावे.